कुडू ओळखताना आणि मारताना: या चुका टाळा

कुडू, म्हणजे आफ्रिकेतला पिळाच्या शिंगांचा मोठा कुरंग, दिसला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा त्याचा एखादा तुकडाच दिसलेला असतो. मोपानीच्या पानांआड हललेला एक कान, शिंगाच्या टोकाची पांढुरकी चमक, नाहीतर खोडांच्या उभ्या रेषांमध्ये न शोभणारी पाठीची एक आडवी रेघ. बाकीचं जनावर आपलं मन जोडून घेतं. चुका इथूनच सुरू होतात. मादीचा नर होतो, तीन वर्षांचं पोर जुना नर वाटायला लागतं आणि खांदा समजून मारलेली गोळी पोटात जाते.

मी नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात राहतो. गेली अकरा वर्षं दर हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्टच्या दरम्यान, एका शेतकरी मित्राच्या रानात मांसासाठी शिकारीला जातो. शेत म्हटलं तरी ते हजारो हेक्टरचं, उंच जाळीचं कुंपण घातलेलं काटेरी रान आहे. महाराष्ट्रातून पाहुणे येतात. कोणी कॅमेरा घेऊन येतं, कोणाला एकदा रायफल हातात धरून बघायची असते. चुका दोघांच्याही जवळपास सारख्याच असतात, फक्त कॅमेऱ्याची चूक पुसून टाकता येते.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, त्यामुळे हे वाचताना कोणाला जड वाटलं तर मला ते कळतं. इथली परिस्थिती वेगळी आहे. कुडू संख्येनं भरपूर आहे, जागतिक यादीत त्याची गणना धोक्यातल्या प्राण्यांत होत नाही, आणि शेतकऱ्यानं रान तोडून तिथं मका किंवा गुरं आणली नाहीत याचं एक मोठं कारण कुडूच आहे. पण परवानगी आहे म्हणून जनावराला तडफडत मरू देण्याचा हक्क मिळत नाही. पुढचं सगळं त्याच काळजीनं लिहितो आहे.

"ती बघ नीलगाय!"

पाहुण्यांची पहिली आरोळी हीच. विदर्भातल्या माणसाला कुडूची मादी पाहून रोही आठवते, आणि ते अगदी अनाठायी नाही. दोघीही गाय-म्हशींच्याच उपकुळातल्या. लांब पाय, बिनशिंगांचं डोकं, मानेवर आखूड अयाळ. पण रोहीच्या कुशीवर पट्टे नसतात. कुडूच्या अंगावर पाठीपासून पोटाकडे उतरणारे, चुन्याचं बोट ओढावं तसे सहा ते दहा बारीक पांढरे पट्टे असतात. दोन डोळ्यांच्या मध्ये पांढरी खूण असते. आणि कान मोठे, गोल, ताटलीसारखे, आतून गुलाबीसर. एकदा ते कान डोक्यात बसले की मादी चुकत नाही.

दुसरी चूक म्हणजे त्याला हरीण म्हणणं. बोलण्यात ठीक आहे, पण शिकाऱ्याला फरक माहीत हवा. सांबर-चितळांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. कुडू हा कुरंग आहे, आपल्या काळविटासारखा. हाडाच्या गाभ्यावर चढलेलं त्याचं शिंग जन्मभर वाढत आणि झिजत राहतं. झुंजीत मोडलेलं टोक पुन्हा येत नाही, म्हणून शिंगावरून तोच नर वर्षानुवर्षं ओळखता येतो.

खरा गोंधळ होतो तो त्याच्या जवळच्या भाऊबंदांशी. न्याला आणि कुडू लिम्पोपोत आणि क्वाझुलू-नाताळमध्ये एकाच रानात असतात. "आकारावरून ओळख" असं सांगितलं जातं. मी म्हणतो, आकारावर मुळीच विश्वास ठेवू नका, कारण दाट झुडपात मोजायला शेजारी काहीच नसतं. पाय बघा. न्याला नराचे गुडघ्याखालचे पाय नारिंगी-पिवळट असतात, मोजे घातल्यासारखे, आणि गळ्यापासून पोटाखालपर्यंत लांब केस लोंबतात. कुडू नराला गळ्यापासून छातीपर्यंत दाढी असते, पोटाखाली झालर नसते. न्यालाच्या शिंगाला जेमतेम दीड पीळ असतो. मादी तर सोपी आहे: न्यालाची मादी लालसर तांबूस असते, पट्टे ठसठशीत आणि दहाच्या पुढे. कुडूची मादी मातकट करडी.

एलंड या दुसऱ्या भाऊबंदाच्या बाबतीत चूक वेगळीच होते. शिंगं दिसली की नर, असं गणित मांडून लोक बसतात. कुडूत ते चालतं, कारण मादीला शिंगं जवळपास कधीच नसतात. एलंडमध्ये मात्र नर-मादी दोघांनाही असतात. ती सरळ मागे जाणारी आणि मळसूत्रासारखी घट्ट पिळाची असतात, आणि गळ्याखाली बैलासारखी पोळी लोंबते. जमिनीवरचा मागही वेगळा असतो: कुडूचा खूर अरुंद आणि टोकाकडे निमुळता, एलंडचा रुंद आणि गोलसर. बुशबक हा आणखी एक भाऊबंद शेळीएवढा असतो आणि एकटाच फिरतो. संध्याकाळच्या सावलीत त्याला कुडूचं वासरू समजणारे मी पाहिले आहेत.

धाकटा कुडू ही निराळी जात आहे आणि ती पूर्व आफ्रिकेत असते. लिम्पोपोत किंवा नामिबियात "लहान कुडू दिसला" असं कोणी म्हणालं तर ते पोर असतं. धाकट्या कुडूच्या गळ्यावर दोन पांढरे डाग असतात आणि दाढी नसते. केनियात तो दिसतो, पण तिथं 1977पासून शिकारीवरच बंदी आहे. तिथं कॅमेराच न्यायचा.

शिंगावर भाळू नका

कुडूचं शिंग पाहून माणसाचं भान हरपतं. त्याच्या शास्त्रीय नावातही पिळाच्या शिंगाचा उल्लेख आहे, दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या चिन्हावर त्याचंच डोकं आहे, आणि येमेनी ज्यू लोक धर्मविधीत जे शिंग फुंकतात ते कुडूचंच. पण वय ओळखण्याआधी त्या शिंगावर भाळणं ही या शिकारीतली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

नराला सहा महिने ते वर्षाच्या वयात शिंगं फुटतात. पहिला पूर्ण पीळ पडेपर्यंत तो साधारण दोन वर्षांचा होतो. अडीच पीळ पूर्ण व्हायला सहावं वर्ष उजाडतं. मधल्या तीन-चार वर्षांत शिंगं लांब दिसतात, नवशिक्याला भव्यही वाटतात, पण त्या नराला अजून माद्यांच्या कळपाजवळ मोठे नर फिरकूही देत नसतात. त्याला मारणं म्हणजे मोहोर आलेला आंबा तोडणं.

मी तीन गोष्टी बघतो. पहिली, टोकं कुठं वळतात. तरुण नराची टोकं आत किंवा सरळ पुढे रोखलेली असतात. जुन्या नरात दुसऱ्या पिळानंतर ती बाहेरच्या बाजूला उघडतात. दुसरी, मान. वयात आलेल्या नराची मान जाड होते आणि अंगाचा रंग निळसर करडा पडतो, केस विरळ होतात. तिसरी, टोकावरचा पांढरा भाग. फार जुन्या नरात तो झाडांवर घासून झिजलेला असतो. अशा म्हाताऱ्याचं शिंग मापात कमी भरतं, आणि म्हणूनच पैसे मोजून आलेले पाहुणे त्याला सोडून देतात. माझ्या मते मारायचाच असेल तर तोच मारावा.

माप पिळाच्या वळणानुसार घेतात, सरळ रेषेत घेत नाहीत, म्हणून डोळ्यांचा अंदाज हमखास फसतो. रोलंड वॉर्ड या शिकारीतल्या विक्रमी मापांच्या नोंदवहीत जाण्यासाठी दक्षिणेकडच्या कुडूचं शिंग 53 7/8 इंच, म्हणजे सुमारे 137 सेंमी लागतं. ईस्टर्न केप प्रांतातला कुडू हा आकारानं लहान आणि बाकीच्यांपासून तुटलेला समूह आहे. त्याचं माप वेगळं धरतात. लिम्पोपोतला आकडा मनात ठेवून ईस्टर्न केपच्या स्पेकबूमच्या रानात गेलात तर चांगला जुना नर "छोटा आहे" म्हणून सोडाल आणि नंतर हळहळाल. आणि पळणाऱ्या कुडूवरून शिंगाचा अंदाज कधीच बांधू नका. दाट झाडीतून जाताना तो नाक वर करून शिंगं पाठीवर टेकवतो, आणि मग प्रत्येक शिंग शेपटीपर्यंत पोचल्यासारखं वाटतं.

मांसासाठी मादी मारायची परवानगी शेतकरी देतो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. इथं वासरं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये जन्मतात. जूनमध्ये ती आईच्या मागे असतात, पण दोन झुडपं सोडून. मादी एकटी दिसली तरी दहा-पंधरा मिनिटं दुर्बीण लावून बसा. वासरू असेल तर येतंच.

दिसण्याआधीच हरलेली शिकार

यावर जास्त लिहीत नाही, कारण हे रानात पायपीट केल्याशिवाय कळत नाही. वारा तपासायला राखेची छोटी पुरचुंडी खिशात ठेवा आणि सकाळी ऊन वर चढल्यावर वारा फिरतो हे विसरू नका. नऊ वाजता बरोबर असलेली वाट दहा वाजता चुकीची असते. करड्या रंगाचा, तुरा असलेला "गो-अवे" पक्षी ओरडायला लागला की थांबा. तो आपल्याला पाहून ओरडतोय आणि कुडू ते ऐकतोय. तांबड्या चोचीचे गोचीडखाऊ पक्षी एखाद्या झुडपातून भुर्रकन उठले तर तिथं काहीतरी मोठं उभं आहे असं समजा.

कुत्र्यासारखं, पण कितीतरी मोठं भुंकणं ऐकू आलं की कुडूनं तुम्हाला ओळखलं. घाईनं त्याच्या मागे धावू नका. थोडं अंतर गेल्यावर वळून बघायची कुडूला खोड आहे. शिकाऱ्यांना ती ठाऊक असते आणि पुष्कळ कुडू त्या एका खोडीपायीच मरतात. पण अशा वेळी तो अर्धा झाडाआड असतो आणि शिकाऱ्याचा श्वास फुललेला असतो. मी तो बार घेत नाही.

खांद्याच्या वरचं रिकामं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

माझा पहिला मोठा नर. जून महिना, सकाळचे सात, थंडीनं बोटं आखडलेली. आमच्यासोबत माग काढायला जे असतात त्यांना सगळे न्ताते म्हणतात. इथल्या सेपेडी भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला तशी हाक मारतात. न्तातेंनी तिकाठी उभी केली, मी त्यावर रायफल टेकवली. शंभर मीटरच्या आत, पूर्ण आडवा उभा. मी खांद्याच्या वरच्या भागावर नेम धरला आणि बार काढला. कुडू जागच्या जागी कोसळला. मी रायफल खाली घेतली, मित्राकडे वळून हसलो. न्ताते ओरडले, "पुन्हा मारा!" मी समोर पाहीपर्यंत कुडू उठून निघून गेला होता.

दिवसभर माग काढला. रक्त सुरुवातीला थोडं होतं, नंतर नाही. रात्री मला जेवण गेलं नाही.

झालं काय होतं? कुडूच्या खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा असतो आणि त्यावर अयाळ. पण तिथं पाठीचा कणा नसतो. कण्याच्या मणक्यांना वरच्या बाजूला लांब हाडकं असतात, त्यांनी तो उंचवटा झालेला असतो. कणा त्याच्या बराच खाली असतो. तिथं गोळी लागली की धक्क्यानं कणा काही क्षण बधिर होतो, जनावर दगडासारखं पडतं, आणि मिनिटाच्या आत उठून पळतं. पुढच्या वर्षी मित्राला एक नर दिसला, खांद्यावर वरच्या बाजूला पांढऱ्या केसांचा व्रण असलेला. आम्ही तो तोच मानतो.

म्हणून नेम असा धरा: जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाची रेघ वर न्या आणि पोटाच्या रेषेपासून अंगाच्या उंचीच्या एक तृतीयांशावर थांबा. तिथं हृदयाचा वरचा भाग आणि फुप्फुसं आहेत. मधोमध नेम धरला की गोळी फुप्फुसाच्या वरच्या भागात जाते. त्याहून वर रिकामं. तिरपा, आपल्यापासून दूर वळून उभा असेल तर पलीकडचा पुढचा पाय मनात धरा आणि गोळी तिकडे जाईल असा नेम लावा. समोरासमोर किंवा पाठमोरा असेल तर थांबा. त्याला वळायचंच आहे.

कोसळलेलं जनावर मेलेलं नसतं. दुसरी गोळी लगेच भरा, नेम तसाच ठेवा, दोन-तीन मिनिटं हलू नका. पाठीच्या बाजूनं जा. डोळ्याला काडी लावून पापणी हलते का बघा.

काटकीमुळे गोळी फिरते, हेही लोक मानत नाहीत. "एवढीशी फांदी, गोळी आरपार जाईल" असं वाटतं. सिकलबुशच्या बोटभर फांदीनंही गोळी वाकडी होते, आणि वाकडी झालेली गोळी पोटात शिरते. स्कोपमधून जवळची फांदी दिसत नाही, कारण स्कोप दूरवर लावलेला असतो. एकदा स्कोपच्या वरून, उघड्या डोळ्यांनी वाट मोकळी आहे का बघा. माजाच्या दिवसांत, मे ते जुलैमध्ये, मोठ्या नराभोवती माद्या असतात. आरपार गेलेली गोळी मागच्या मादीला लागते. तीस-शून्य-सहा (.30-06) किंवा सात बाय सत्तावन्न (7x57) काडतुसाची रायफल पुरते. कुडू त्याच्या आकाराच्या मानानं चिवट नाही. मोठ्या रायफलीच्या धक्क्याला घाबरून डोळे मिटणाऱ्यापेक्षा सवयीच्या लहान रायफलीनं शांतपणे मारणारा बरा.

बार झाल्यावरची घाई

कुडू पळाला, तर उभ्या जागेवरून हलू नका. तो शेवटचा कुठं दिसला ते झाड मनात पक्कं करा, मगच त्याच्या उभ्या जागेवर जा आणि तिथं काहीतरी खूण ठेवा. रक्त बघा. फिकट लाल आणि फेसाळ असेल तर फुप्फुस: बहुतेकदा शंभरेक मीटरवर पडलेला सापडतो. गडद, जवळजवळ काळपट लाल असेल तर यकृत. अर्धा तास तरी द्या. रक्तात हिरवट घाण असेल, आंबट वास असेल, तर गोळी पोटात आहे. या तिसऱ्या वेळी लगेच मागे लागणं सगळ्यात वाईट. पाठलाग केलात तर जखमी कुडू मैलोगणती चालतो. सोडलात तर जवळच सावलीत बसतो. तीन-चार तास थांबायला फार जड जातं, पण त्याच्यासाठीही तेच कमी त्रासाचं.

मागावर चालताना माग काढणाऱ्याच्या मागे राहा, मागावर पाय देऊ नका, आणि रायफलीची नळी त्याच्या पाठीकडे कधीच नको. मागातलं शेवटचं रक्त जिथं दिसलं तिथं कागदाचा कपटा अडकवत जा. सावज जखमी करून हरवलं तरी शेतकरी त्याचे पूर्ण पैसे घेतो. ते योग्यच आहे.

न पळणारा कुडू

नामिबियात माणूस जवळ गेला तरी कुडू उभा राहिला, तोंडातून लाळ गळत असली, मागचे पाय लडखडत असले, तर त्याला "माणसाळलेला" समजून जवळ जाऊ नका. रेबीज असू शकतो. तिथं 1977पासून पसरलेल्या साथीत हजारो कुडू मेले, आणि पुन्हा साथी येत राहिल्या. एकाच काटेरी झाडाची पानं खाताना आणि एकमेकांना चाटताना लाळेतून तो पसरतो. अशा जनावराला हात लावू नका, त्याचं मांस घेऊ नका, शेतकऱ्याला आणि पशुवैद्यकाला कळवा. लाळ अंगाला किंवा ओरखड्याला लागली तर जागा साबण-पाण्यानं बराच वेळ धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

संध्याकाळनंतर नामिबियाच्या रस्त्यांवर गाडी चालवणं हीसुद्धा कुडूशी संबंधित मोठी चूक आहे. दोन मीटरचं कुंपण तो सहज उडी मारून ओलांडतो, आणि दिव्यांच्या झोतात नेमका गाडीसमोर उतरतो.

कागद आधी, रायफल नंतर

मित्राच्या शेतावर जातोय म्हणून कागद लागत नाहीत असं नाही. जमीनमालकाची लेखी परवानगी जवळ ठेवा. पुरेसं कुंपण असलेल्या रानातली जनावरं दक्षिण आफ्रिकेच्या 1991च्या कायद्याप्रमाणे मालकाची असतात, त्यामुळे परवानगीशिवाय मारलेला कुडू ही चोरीच ठरते. परदेशी पाहुण्यानं परवानाधारक व्यावसायिक शिकाऱ्याबरोबरच शिकार करायची असते. राष्ट्रीय उद्यानांत शिकार नाही आणि क्रूगरमध्ये ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचंही नाही. कुडू आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीत नाही म्हणून शिंग पिशवीत टाकून मुंबईला नेता येईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. भारतात काय आणता येतं ते वनखात्याकडून आणि सीमाशुल्क विभागाकडून लेखी विचारून घ्या. कच्चं किंवा वाळवलेलं मांस तर नेऊच नका.

मांस

इतकं सगळं नीट करून शेवटी मांस नासवणारे लोक आहेत. जनावर पडलं की फोटो आटोपते घ्या आणि तासाभराच्या आत आतडी बाहेर काढा. नदीच्या पाण्यानं धुवू नका. सावलीत, हवा खेळेल असं टांगा. जखमेभोवतीचं काळं-निळं मांस हातभर रुंद काढून टाका; शिशाचे बारीक कण तिथं दिसत नाहीत पण असतात.

आमच्याकडे बिलटाँग, म्हणजे मीठ-मसाला लावून वाळवलेलं मांस, माझी बायको करते. मांसाच्या पट्ट्या रेषांच्या दिशेनं कापायच्या, व्हिनेगर, जाडं मीठ, मिरी आणि भाजून भरड कुटलेले धणे. इथल्या दुकानात धण्याची पूड मिळते, पण तिला वास नाही. आम्ही धणे घरून आणतो, तव्यावर रंग बदलेपर्यंत भाजतो, पाट्यावर जरासे भरडतो. मग आकड्यावर टांगून पाच-सहा दिवस पंख्याच्या वाऱ्यात. जाड पट्टी मध्यभागी अजून लालसर, मऊ असतानाच उतरवते. न्ताते दरवर्षी त्यातली पहिली पट्टी घेऊन जातात.